बॅटरीत घातलेलं पाणी

ये गं, जरा जवळ ये. तू तिकडे लांब आणि मी इथे नाशकात, तेव्हा कागदावरच जवळ यायचं, पण ये. आधी रागावणार आहे, मग सांगणार आहे.

परवा फोनवर म्हणालीस, गाडी सकाळी सुरू होईना म्हणून मेकॅनिक बोलावला, त्याने सांगितली म्हणून नवी बॅटरी बसवून घेतली, आणि आठ दिवसांत तीही उतरली. वर म्हणालीस, "आजी, हा पण आपल्या त्या नळवाल्या ड्रायव्हरसारखाच निघाला." आणि हसलीस. मीही हसल्यासारखं केलं. फोन ठेवला, आणि त्या दुपारी मला जेवण गेलं नाही.

पहिला राग बॅटरीचा. अगं, बदलायच्या आधी बघायचं असतं. पट्टा सैल आहे का, टर्मिनलला गंजाचं पांढरं फूल आलंय का, इंजिन चालू असताना चार्जिंग होतंय का. नवी बॅटरी आठ दिवसांत बसली म्हणजे खोट बहुतेक जुन्या बॅटरीत नव्हतीच. एवढं घरच्या घरी कळतं. मला चौथी शिकलेलीला कळतं, तुला कसं कळत नाही?

दुसरा राग त्या हसण्याचा. तो तुझ्यावर नाही. ती गोष्ट तुला तुझ्या बाबाने सांगितली, बाबाला त्याच्या बाबांनी. गोष्टीत एक ड्रायव्हर असतो, तो डिस्टिल वॉटरच्या बाटलीत नळाचं पाणी भरून आणतो आणि मालकाची बॅटरी मारतो. आपल्या घरात पाव्हणे आले, की जेवणानंतर ती गोष्ट निघते. ती खोटी आहे. खोटी आहे हे घरात फक्त मला माहीत आहे, कारण ती खरी ठरली ती माझ्यामुळे.

ऐंशीच्या आसपासचे दिवस. तुझे आजोबा लासलगावच्या मार्केटात कांद्याची अडत करायचे आणि आपण राहायचो पंचवटीत. रोज सकाळी लिलावाच्या आत पोचायला हवं, म्हणून एक जुनी गाडी घेतली होती, आमच्याकडे यायच्या आधी दोन घरं फिरून आलेली. आजोबांचं मनगट कधीतरी मोडून वाकडं बसलं होतं, त्यांना गिअर टाकता यायचा नाही. म्हणून ड्रायव्हर ठेवला.

ते आमच्या घरामागच्या बौद्ध कॉलनीत राहायचे. वयाने माझ्याएवढेच. ड्रायव्हर होण्याआधी गाड्यांच्या वायरिंगचं काम सात-आठ वर्षं केलेलं. घरात सगळे त्यांना अरे-तुरे करायचे. मी एकटी अहो म्हणायचे, आणि त्याचा मला केवढा अभिमान होता म्हणून सांगू. त्यांचा चहाचा कप पडवीत वेगळा असायचा. तो मीच विसळायचे आणि मीच वेगळा ठेवायचे. अहो म्हणत म्हणत.

बॅटरीचं मी त्यांच्याकडून शिकले. ते रविवारी अंगणात बॉनेट उघडून बसायचे, आणि मी धान्य निवडता निवडता मान लांब करून बघायचे. एकदा म्हणाले, "वहिनी, लांबून बघून मान दुखेल. या, हे धरा." हातात दिलं ते काचेचं पिचकारीसारखं यंत्र, ज्याने बॅटरीतल्या ॲसिडची ग्रॅव्हिटी, म्हणजे दाटपणा बघतात. कप्प्यात नळी बुडवायची, रबरी फुगा दाबून सोडायचा, की ॲसिड वर चढतं आणि आतली काचेची कांडी तरंगते. मी तिला बाहुली म्हणायचे. बाहुली उंच उभी राहिली, हिरव्या पट्ट्यापर्यंत, की कप्पा भरलेला. खाली बसली, लाल पट्ट्यावर, की उतरलेला. सहा कप्पे, सहा वेळा बघायचं. एकच कप्पा खाली असेल तर त्या कप्प्यात बिघाड, सगळे सारखे खाली असतील तर चार्जिंगकडे बघायचं.

ते एका पातळ वहीत सगळं लिहून ठेवायचे. वार, सहा कप्प्यांचे आकडे, पाणी कधी घातलं, कुणी घातलं. मला हसू यायचं. मी म्हणायचे, "एवढं तर मी मुलांच्या तापाचंही लिहीत नाही."

"मुलं बोलतात वहिनी, कुठं दुखतं ते. ही बोलत नाही."

माझ्या दोन सुती साड्यांना ॲसिडची भोकं पडली. मग मी कामाआधी पदर खोचायला, मंगळसूत्र ब्लाउजात टाकायला आणि हातातल्या पाटल्या काढायला शिकले. पाना दोन टोकांना एकदम लागला की काय होतं ते त्यांनी एकदा मुद्दाम लांबून दाखवलं होतं. ठिणगी बघून सासूबाई घरात देवाचं नाव घेत बसल्या. टर्मिनल काढताना आधी अर्थचं, म्हणजे गाडीच्या अंगाला जोडलेलं, काढायचं, बसवताना ते शेवटी बसवायचं. पांढरं फूल आलं तर गरम पाणी आणि सोडा. पट्टा अंगठ्याने दाबायचा, अर्धा इंच दबला पाहिजे, जास्त दबला तर तो नुसता घसरतो आणि बॅटरी भरणारा डायनॅमो पुरता फिरत नाही. चावी फिरवली की लाल दिवा लागायला हवा आणि गाडी सुरू होऊन जरा रेस केली की विझायला हवा. हेडलाइट लावून रेस केलं आणि उजेड वाढला, की डायनॅमो देतोय. हे सगळं मला यायला लागलं. शेजारच्या बायका म्हणायच्या, आता ही खाकी कपडे घालणार. मला आवडायचं ते.

आणि पाणी. पाण्याबद्दल त्यांनी मला तीन वेळा बजावलं होतं. कप्प्यातलं पाणी कमी झालं की फक्त डिस्टिल वॉटर घालायचं. नळाचं नाही, विहिरीचं नाही, पावसाचं गच्चीवरून आलेलं नाही. त्यात क्षार असतात, ते बॅटरीला आतून खातात. चार्ज केली तरी उभ्या उभ्या उतरते. ते दुकानातून सीलबंद बाटली आणून द्यायचे आणि ती पडवीतल्या फळीवर असायची.

खंडेनवमी आली. तुला माहीत आहे, त्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा. घरात विळी, कोयता, शिलाईचं मशीन, आणि अंगणात गाडी. ड्रायव्हरांनी आदल्या दिवशी गाडी धुऊन लखलखीत केली होती आणि नवी बाटली आणून ठेवली होती. मला म्हणाले, "वहिनी, ऑक्टोबरची उन्हं आहेत, पाणी खाली गेलंय. उद्या तुम्हीच भरा, मी सुट्टीवर आहे." ही केवढी मोठी गोष्ट माझ्यासाठी. वहीत त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं, पाणी वहिनी भरणार.

सकाळी मी बॉनेट उघडलं. बॅटरीवर हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. सहा बुचं काढली आणि बाटली आणायला पडवीकडे वळले. सासूबाई पूजेचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्या निफाडकडच्या, त्यांचं बोलणं तिकडचं.

"कुठं चालली?"

"पाणी आणते, बॅटरीत घालायला."

"आज पूजा हाय. ती बाटली नको आज." आणि देवघरातला तांब्या पुढे केला. "गंगेचं घाल."

तांब्यातलं पाणी मामंजींनी पहाटे रामकुंडावरून आणलेलं. नाशकात गोदावरीला गोदावरी कोण म्हणतं, गंगाच म्हणतात.

मी म्हटलं, "बॅटरीला चालेल का ते?"

"गंगेचं पानी कशाला चालत नाय?"

आता खरं सांगते. मला दोन गोष्टी त्याच क्षणी कळल्या होत्या. एक म्हणजे हे पाणी चालणार नाही. ड्रायव्हरांनी नळाचं, विहिरीचं, पावसाचं नको म्हटलं होतं, गंगेचं नको असं म्हटलं नव्हतं, कारण बॅटरीत कुणी गंगा ओतेल हे त्यांच्या मनातही आलं नसेल. पण मला समजत होतं. दुसरी गोष्ट म्हणजे ती बाटली आज का नको. बाटली दुकानातली, लाखेनं बंद केलेली. त्यातला एक थेंबही ड्रायव्हरांच्या हाताला लागलेला नव्हता. नुसती हातातून आली होती. सासूबाईंनी तो शब्द उच्चारला नाही, आणि मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना बोलावं लागलं असतं आणि मला ऐकावं लागलं असतं. न विचारणं किती सोयीचं असतं बघ. मी तांब्या घेतला आणि सहाही कप्पे भरले. बुचं लावली. नारळ फोडला.

दिवाळीपर्यंत काही झालं नाही. थंडी सुरू झाली आणि गाडी सकाळी कण्हायला लागली. आधी वाटलं, नाशिकची थंडी आहे, होतं असं. मग एक दिवस सेल्फ मारला तर नुसतं टक् वाजलं. गल्लीतल्या चौघांनी धक्का मारला. आठवड्यात दोनदा, मग तीनदा. दोन दिवस आजोबा लिलाव संपल्यावर पोचले. शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर दुसऱ्या अडतीवर गेले होते. आजोबा घरी आले आणि पहिल्यांदा म्हणाले, "हा दिवसभर रेडिओ लावून बसतो गाडीत. मी आत लिलावात आणि हा बाहेर बॅटरी पितो."

ड्रायव्हरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "साहेब, एक रविवार द्या. मी तपासून दाखवतो. रेडिओ असेल तर मी कबूल करीन."

तेवढंच पणाला लागलं होतं बघ. नोकरी नंतरची गोष्ट. त्यांचा शब्द खरा की खोटा, एवढंच.

शनिवारी त्यांनी बॅटरी चार्जिंगच्या दुकानातून पूर्ण भरून आणली. सहाही कप्प्यांत बाहुली हिरव्यावर उभी. आजोबांना बोलावून दाखवलं. मग गाडी सुरू करून पट्टा दाबला, लाल दिवा विझलेला दाखवला, भिंतीवर हेडलाइट टाकून रेस केलं, उजेड वाढला. "डायनॅमो देतोय साहेब. म्हणजे भरण्यात खोट नाही." मग गाडी बंद करून दोन्ही टर्मिनल काढून बाजूला केली आणि वायरीच्या टोकांना फडकं गुंडाळलं. "आता रेडिओ, दिवे, हॉर्न, कशाचाच बॅटरीशी संबंध नाही. चावी तुमच्याकडे ठेवा. सोमवारी सकाळी बघू. भरलेली राहिली, तर गाडीत कुणीतरी बॅटरी खातंय, आणि ते मी असेन. उतरली, तर बॅटरी स्वतःलाच खातेय."

किती सरळ होतं ते. मी पडवीच्या खांबाला धरून उभी होते, आणि मला सोमवारचं उत्तर शनिवारीच माहीत होतं. रविवारचा अख्खा दिवस माझ्याकडे होता. मी तो पापड लाटण्यात घालवला.

सोमवारी सकाळी त्यांनी काचेची नळी पहिल्या कप्प्यात बुडवली. बाहुली खाली बसली. दुसऱ्यात, तिसऱ्यात, सगळ्यांत. आजोबा वाकून बघत होते. सासूबाई दारात. ड्रायव्हर वहीत लिहीत म्हणाले, "वर्षाचीही नाही ही बॅटरी. सगळे कप्पे सारखे उतरलेत. हे पाण्याचं काम आहे." मग माझ्याकडे वळले. आवाज अगदी साधा, शिकवतानाचा.

"वहिनी, खंडेनवमीला पाणी तुम्ही घातलंत. कुठलं घातलंत?"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. आता 'गंगेचं' म्हणायचं, तर पुढचा प्रश्न येणार, बाटली असताना गंगेचं का. त्या 'का'चं उत्तर ड्रायव्हरांच्या तोंडावर कसं देणार? असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं, की त्यांना वाईट वाटू नये म्हणून. आता म्हातारपणी तेवढंही फसवत नाही स्वतःला. मला माझं अहो म्हणणं जपायचं होतं.

मी म्हटलं, "तुम्ही दिलेल्या बाटलीतलंच."

आजोबा सरळ उभे राहिले. "म्हणजे तुझं पाणीच खोटं. नळाचं भरून आणलंस."

"साहेब, सील असतं त्याला."

"लाख काय, कुणीही लावतो. पट्टा दाबून दाखवतोस, दिवे लावून दाखवतोस, आणि खोट घरातच आणून ठेवलीस. वर रेडिओ नाही म्हणून छाती काढतोस."

आजोबा एस.टी.ने जायचं म्हणून पिशवी घ्यायला आत गेले. ड्रायव्हर पाने ठेवायला पडवीत गेले आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात ती बाटली होती. गळ्यापर्यंत भरलेली, वरची लाख तशीच, बोट न लागलेली. त्यांनी ती माझ्या पुढ्यात, पायरीवर ठेवली. माझ्याकडे बघितलं, मग दारातल्या सासूबाईंकडे, मग अंगणातल्या बॅटरीकडे, जिच्या खाचेत खंडेनवमीच्या कुंकवाची रेघ अजून होती. त्यांना सगळं कळलं. शहाणा माणूस, बिघाड शोधायची सवय असलेला. त्याला किती वेळ लागणार?

हळू आवाजात म्हणाले, "साहेब बाहेर येतील आता. तुम्ही सांगा, वहिनी. मी नाही सांगत."

आजोबा चपला घालत बाहेर आले. मी बाटली उचलली, पदराखाली घेतली आणि आत गेले.

फाटक वाजल्याचं मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. आधी आजोबांचं, मग जरा वेळाने पुन्हा एकदा. बाहेर आले तर गाडीची चावी पायरीवर, बाटली होती तिथेच. काचेची नळी ते घेऊन गेले होते, वही डॅशबोर्डच्या खणात राहिली होती. सासूबाई म्हणाल्या, "बरं केलंस, घरातली गोष्ट घरात ठेवलीस." आयुष्यात त्यांनी माझं फार थोड्या वेळा कौतुक केलं. त्यातलं हे एक.

नवी बॅटरी आली, नवा ड्रायव्हर आला, गाडी सकाळी पहिल्या सेल्फला सुरू व्हायला लागली. आजोबांना दुसरा पुरावा कशाला हवा होता? त्यांनी लासलगावला सांगितलं. अडतीवर, चहाच्या टपरीवर. तिथल्या ड्रायव्हरांनी आमच्या जुन्या ड्रायव्हरांचं नाव नळवाला ठेवलं. मार्केटात कुणी त्यांच्या हाती गाडी देईना. हे मला नव्या ड्रायव्हरने हसत हसत सांगितलं. त्याच्या चहाला वेगळा कप लागला नाही, हेही मी लक्षात ठेवलं.

पाच-सहा वर्षांनी कळलं, की त्यांनी अंबडला कारखान्यांच्या रस्त्यावर बॅटरी चार्जिंगचं दुकान टाकलंय. आमच्या गाडीची बॅटरी चांगली होती. तरी मी दुपारी ती काढली, आधी अर्थ, मग दुसरं, रिक्षात घातली आणि घरात सांगितलं, मैत्रिणीकडे जाते. दुकान लहान, स्वच्छ. भिंतीवर सीलबंद बाटल्यांची रांग. ते चाळिशीचे, केस मागे गेलेले. मला बघून उठले, "या वहिनी," म्हणाले, आणि आधी बॅटरीत नळी बुडवली. बाहुली हिरव्यावर.

"ही तर भरलेली आहे."

"माहीत आहे."

त्यांच्या मिसेसने पाणी आणलं, मग चहा. मी प्यायले. लाज कशाची वाटली सांगू? पिताना मीच मला बघत होते, की बघ, मी पितेय. म्हणजे अजून काहीतरी बाकी होतंच ना आत.

मी म्हटलं, "तेव्हा मी बाटली उघडलीच नव्हती. गंगेचं घातलं होतं."

"बाटली मीच तुमच्या पुढ्यात ठेवली होती की," ते म्हणाले. रागाने नाही. "साहेबांना सांगितलंत का?"

"नाही."

"मग मला कशाला सांगता, वहिनी? मला तर तेव्हाच माहीत होतं."

बाहेर एक टेंपो बॅटरी घेऊन आला, ते तिकडे गेले. माझी बॅटरी त्यांनी स्वतः उचलून रिक्षात ठेवली, तिरकी होऊ नये म्हणून खाली पोतं घातलं.

रिक्षात मी ठरवलं, आज सांगायचं. घरी आले तर पाव्हणे होते. आजोबा रंगात येऊन तीच गोष्ट सांगत होते. तुझा बाबा, तेव्हा कॉलेजात होता, पोट धरून हसत होता. मी सगळ्यांना वाढलं. पुढे आजोबा गेले, सासूबाई त्यांच्या आधीच गेल्या. दुखवायचं कुणी उरलं नाही, तरी मी बोलले नाही. तोपर्यंत गोष्ट तुझ्या बाबाची झाली होती, आणि आता तुझी.

ती वही माझ्याकडे आहे. कपाटात, साड्यांच्या खाली. शेवटच्या पानावर त्या सोमवारचे सहा आकडे आहेत, आणि खाली लिहिलंय, 'टर्मिनल काढून ठेवलं, तरी उतरली. पाणी कुठलं?' पुढची ओळ कोरी आहे.

तुझ्या गाडीचं म्हणशील, तर इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून बघ असं कुणी म्हटलं, तर ऐकू नको, आताच्या गाड्यांत त्याने बाकीचं जळतं. आधी पट्टा बघ, मग टर्मिनल. बाकीचं मी आले की, नाही, तूच इकडे आलीस की बघू.

तर लवकर ये. दिवाळीची वाट बघू नको, याच महिन्यात ये, आणि बाबाला बरोबर घेऊन ये. जेवण झालं की तो ती गोष्ट काढेलच. या वेळी मी वाढायला उठणार नाही. वही घेऊन बसणार आहे. तुम्ही दोघं ऐका, मग आपण तिघं गाडी काढून अंबडला जाऊ. दुकान आहे का नाही ठाऊक नाही. पण विचारत विचारत जाऊ. उशीर करू नको गं.